डोंगरीचा वाफा

विठाला राग आला की ती बोलत नसे, काम उकरून काढत असे. घासलेली भांडी पुन्हा घासायची. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची, आणि झाडताना खराटा असा आपटायची की ओटीवर बसलेल्या माणसांनी पाय वर घ्यावेत. गेल्या वर्षापासून तिचं घर फार स्वच्छ होतं.

गेल्या वर्षी शेत गेलं. वाडी बदलापूरच्या पलीकडची, नदीकडे उतरणारी. तिथल्या बहुतेकांची भातखाचरं एकामागून एक बिल्डरला गेली, तशी तिचा नवरा आनंदा याचीही गेली. भावाभावांनी बसून ठरवलं, इस्त्रीचे शर्ट घालून जाऊन सह्या केल्या आणि संध्याकाळी जेवताना आनंदा म्हणाला, "दिलं खालचं खाचर." एवढं म्हणाला आणि आमटी मागितली. विठाने वाढली. लग्न होऊन आल्यापासून दर पावसाळ्यात त्या खाचराच्या चिखलात ती कमरेत वाकून उभी राहिली होती. पायाची बोटं चिखल्यांनी सडली होती, एकदा सात महिन्यांची पोटुशी असताना लावणी केली होती. "देऊ का?" असं तिला कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच त्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आणि राब. भाताचं रोप टाकायच्या जागेवर चैत्र-वैशाखात शेणाचा चुरा, वाळक्या पानांचा पातेरा, पेंढा, पानांसकट फांद्यांचा टहाळ असं थरावर थर रचायचं, वाऱ्याने उडू नये म्हणून वर माती भुरभुरायची आणि पेटवून द्यायचं. तण मरतं, जमीन भाजून निघते, राखेचं खत होतं. त्या टहाळाचे भारे डोंगरातून डोक्यावर आणून आणून विठाची मान जराशी एका बाजूला झाली ती तशीच राहिली. रचायचं काम तिचं. काडी लावायचं काम आनंदाचं. तो बिडी पेटवायचा आणि त्याच काडीने राब पेटवायचा. लोक म्हणायचे, आनंदाचा राब झकास भाजला.

शेत गेल्यावर विठा बाजारातून घाऊक भाजी घ्यायची आणि अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनजवळ, एका बंद दुकानाच्या पायरीशी गोणपाट टाकून बसायची. पूर्वी याच जागी ती स्वतःच्या बांधावरची मेथी विकायची. आता दुसऱ्याची विकायची आणि गिऱ्हाईक म्हणालं, "विठाबाई, घरची ना?" की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "नाय, बाजारची," असं ती तोडून सांगायची. निम्मी गिऱ्हाइकं त्यामुळे गेली.

सुहासिनीबाई मात्र टिकल्या. त्यांचे यजमान कंपनीत मोठे ऑफिसर होते, आता रिटायर झालेले. पलीकडच्या गल्लीत फ्लॅट. दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी त्या हातात प्लास्टिकचा ट्रे घेऊन आल्या. ट्रेमध्ये बोटभर उंचीची तीन-तीन पानांची रोपं होती आणि पानांच्या कडा करपल्या होत्या.

"विठाबाई, तुमच्या घरामागे सावली आहे का हो?"

"सावली? फनस हाय. का?"

"ही अल्पाइन स्ट्रॉबेरी. डोंगरातली, रानातली असते तिकडे युरोपात. सुनेने बी पाठवलं. मी आधी फ्रिजमध्ये ठेवलं, मग मातीवर नुसतं भुरभुरवलं, वर माती घालायची नाही असं होतं. इतकं सगळं केलं, आणि आमच्या बाल्कनीत दुपारचं ऊन! बघा कशी झालीत. तुम्ही नेता का? नाहीतर मी टाकूनच देणार आहे."

जिवंत रोप टाकून देतात हे विठाला बघवेना. तिने ट्रे पाटीत ठेवला आणि वर मेथी झाकली.

घराच्या मागे, उत्तरेच्या अंगाला, स्वयंपाकघराची भिंत आणि विहीर यांच्यामध्ये एक पट्टी होती. वर फणस. तिथे सकाळचं कोवळं ऊन येई आणि मग दिवसभर गारवा. त्या पट्टीत तिने कुदळ मारली, दगड वेचले, जुनं शेणखत मिसळलं आणि रोपं वितावितावर लावली. गंमत म्हणजे हे झाड बाजारातल्या स्ट्रॉबेरीसारखे तंतू सोडून पसरत नव्हतं. जिथे लावलं तिथे गप बसून फुगायचं. विठाने त्याला डोंगरी म्हणायला सुरुवात केली. लावताना तिच्या लक्षात आलं, कुणी सांगितलं म्हणून नाही, आपल्याला वाटलं म्हणून लावलेलं आपल्या आयुष्यातलं हे पहिलं झाड. हे लक्षात आलं आणि तिला उलट रागच आला. पन्नाशी गाठल्यावर आपलं पहिलं झाड!

पौषात पांढरी फुलं आली. माघात फळं. फळ एवढंसं, करंगळीच्या टोकाएवढं, लालभडक आणि निमुळतं. पण वास! पहाटे मागचं दार उघडलं की वास आत यायचा. विठा उठून, चूल पेटवायच्या आधी, पट्टीत उकिडवी बसायची आणि पिकलेली फळं तोडून तिथेच तोंडात टाकायची. या घरात आंबा कापला की तिच्या वाट्याला कोय यायची, कोंबडी शिजली की मान यायची. ही फळं ती एकटी खायची. कुणाला ठेवायची नाही. खाऊन झाली की बोटं चाटायची आणि मग कामाला लागायची.

मुलगा राजू उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये जीन्सच्या कारखान्यात कटिंगला होता. त्याने एकदा हौसेने डबाभर फळं नेऊन तिथल्या फळवाल्या शेटला दाखवली. संध्याकाळी डबा परत आला तर आत नुसता लाल चिखल.

"शेट बोल्ला, ये क्या बेर है? साइज तो देख," राजू हसत सांगत होता. "आनि दुपारपर्यंत रस सुटला, आये. माजी बॅग बघ."

आनंदा ओटीवर पडून ऐकत होता. तो उठून बसला, तेवढ्यासाठी. "चार बोरांसाठी रोज दोन हंडे पानी ओतते. बायको कामाची मिलाली मना."

विठाने डबा घासला. मग सगळे डबे घासले.

होळीच्या सुमाराला भावेश येऊ लागला. शेतावर जी बिल्डिंग उठत होती तिचा हा सुपरवायझर, तरणा पोरगा, बुटावर कायम सिमेंट. त्याला सळया आणि गोण्या ठेवायला साइटजवळ जागा हवी होती, आणि आनंदाच्या घरामागची पट्टी साइटच्या पत्र्याच्या कुंपणाला लागूनच होती. ओटीवर दोघं बसले, बिड्या ओढल्या, आणि आनंदा म्हणाला, "ठेव की. पडीकच हाय."

विठा आतून ऐकत होती. ती खराटा घेऊन बाहेर आली आणि भावेशच्या पायापासून झाडायला लागली.

"पडीक नाय ती," ती म्हणाली. "माजा वाफा हाय तिथं."

"अगं, शब्द दिला मी त्याला."

"कोनाला इचारून दिलात?"

आनंदाने भावेशकडे पाहिलं आणि हसला. घरच्या बाईने चारचौघांत अशी हजेरी घेतली की पुरुष हसतो, तसं. "आता जागा द्यायला तुना इचारू? घर कोनाचं हाय?"

"घर तुमचं. वाफा माजा. खाचर दिलंत, मी काय बोलली नाय. या पट्टीला हात लावाल तर बघा."

भावेश उठला. "काका, तुमचं ठरलं की सांगा," म्हणाला आणि सटकला. त्या दिवशी घरात चुलीपासून ओटीपर्यंत आवाज चढले. आनंदाने तांब्या आपटला, विठाने परात. शेवटी कामावरून आलेल्या राजूने दोघांच्या मध्ये उभं राहून तोड काढली.

"बाबा, ऐका. या झाडाला ऊन सोसत नाय, नेटवर बघितलंय मी. आईची झाडं पावसापर्यंत जगली तर पट्टी आईची, कोनी बोलायचं नाय. जलून गेली तर द्या भावेशला. बस?"

"नाय जगनार," आनंदा म्हणाला. "पैज लावतो."

"बस," विठा म्हणाली. आणि त्या दिवसापासून ती आनंदाशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची, पाणी ठेवायची, पण शब्द नाही. काही सांगायचं असलं तर राजूला सांगायची, आनंदा समोर बसलेला असला तरी.

चैत्र आला तसा बदलापूरचा उन्हाळा खरा दिसायला लागला. खाचरं होती तेव्हा नदीवरून वारा यायचा. आता तो वारा बिल्डिंगच्या कामावरची धूळ घेऊन यायचा आणि साइटचे पत्रे दिवसभर तापून भिंतीवर उष्णता फेकायचे. फणसाची सावली पुरेना. डोंगरीची पानं दुपारी माना टाकायची, संध्याकाळी उचलायची. मग संध्याकाळीही उचलेनात. विठा भाजी विकून दुपारची घरी आली की पदर न सोडता आधी मागे जायची. नळाला पाणी एक दिवसाआड. विहिरीचा तळ दिसत होता, कळशी आडवी करून खरडत भरायला लागायची. दोर ओढताना तिची एका बाजूला झालेली मान चमकायची आणि डोळ्यापुढे काजवे यायचे. ती पाणी ओंजळीने घालायची, झाडाच्या बुडाशी, थेंब वाया न जाऊ देता.

फुलं यायची थांबली. सुहासिनीबाईंना तिने विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अहो, अजून आहेत? मला वाटलं, गेली असतील. जुनी पानं सगळी कापून टाका आणि पेंढा घाला भरपूर. गड्डा जिवंत राहिला की झालं. पावसात पुन्हा फुटतील."

पेंढा! तिच्या घरी पेंढ्याची उडवी असायची, घराएवढी. या वर्षी काडी नव्हती. वाडीत शेत राहिलं होतं ते एकट्या वेणूकडे, आणि वेणूला विठा आयुष्यभर पाण्यात बघत आली होती. कारण काही नाही. लावणीच्या वेळी वेणू भराभर पुढे जायची, एवढंच. तिच्या दारात विठा उन्हाची जाऊन उभी राहिली.

"काय गं विठे?" वेणू दारातच बसली होती, सूप घेऊन. तिने सूप थांबवलं नाही.

"पेंढा पायजे होता. एक भारा."

"पेंढा?" आता सूप थांबलं. "बैल कवाच इकलेत ना तुमी?"

"झाडांना पायजे."

"ती बोरं का? ऐकलंय मी." वेणूने तांदळातला खडा काढून विठाच्या पायाजवळ टाकला. "न्हे बाई. मागची उडवी हाय, त्यातला खालचा न्हे, वरचा गुरांना लागंल. तुज्या दारातनं आमी पेंढा न्हेला कदी तर तू ओला द्यायचीस, आठवतंय ना?"

आठवत होतं. विठाने खालचा, कुबट वासाचा पेंढा ओढून काढला, भारा बांधला आणि डोक्यावर घेतला. घरी येईपर्यंत तिचे कान लाल होते. वेणूवर राग होता, पण वेणूवर नव्हता. स्वतःच्या अंगणात पेंढा असता तर कुणाच्या बोलण्याला तिने भीक घातली नसती.

त्याच संध्याकाळी तिने वाफा झाकला. करपलेली पानं विळ्याने कापली. खाली राहिले गड्डे, तपकिरी, वरून मेल्यासारखे. पण नखाने खरवडलं तर आत पांढरं-हिरवं होतं. प्रत्येक गड्ड्याभोवती तिने शेणाचा चुरा घातला. त्यावर फणसाचा पातेरा, मग पेंढा. पेंढ्यावर ऊन बसू नये म्हणून ऐनाचा टहाळ आडवा टाकला. आणि साइटकडून येणारा वारा पेंढा उडवील म्हणून वर थोडी माती भुरभुरली. थर नीट बसले. हात सवयीने चालत होते, रचताना तिला विचारही करावा लागला नाही. मग कळशीभर पाणी शिंपडून ती कंबर धरून उभी राहिली, आणि किती तरी दिवसांनी तिला बरं वाटलं. झाकलेल्या वाफ्याला रोज पाणी मिळालं की पुरे. पावसापर्यंत ढकलता येईल.

वैशाखात विठाच्या भाचीचं लग्न निघालं, मुरबाडकडे माहेरी. हळद आणि लग्न मिळून दोन दिवस तरी जाणं भाग होतं. जाताना तिने राजूला मागच्या दाराशी बजावलं. "सकाल-संध्याकाल पानी शिंपड. नुसतं वरनं शिंपड, काय हलवू नको. समजलं?"

"हो गं आये."

आनंदा पुढे ओटीवर बसून दाढी करत होता. ती त्याच्याशी बोलली असती तर म्हणाली असती, की आत झाडं आहेत, जिवंत आहेत, नुसती झाकलीत. पण अबोला होता. तिने पिशवी उचलली आणि ती निघाली.

लग्नाहून परतली तेव्हा उन्हं कलली होती. वाडीच्या वळणावर रिक्षातून उतरली आणि तिला वास आला. ओळखीचा वास, शेण आणि पातेरा जळाल्याचा. क्षणभर तिला छानच वाटलं, कारण या दिवसांत हा वास जन्मभर येत आला होता. वेणूकडे राब भाजला वाटतं, असं ती मनात म्हणाली. मग तिला दिसलं की धूर आपल्या घरामागून येतोय.

पिशवी वाटेत टाकून ती धावली.

पट्टीत काळी राख होती. नीट भाजलेली, एकसारखी, कुठे कच्ची राहिली नव्हती. कडेला आनंदा उकिडवा बसून काठीने राख सारखी करत होता. अंगात गंजी, तोंडात बिडी. तिला बघून तो उठला, आणि हसला. खाचर दिल्यापासून तो असा हसला नव्हता.

"आलीस? बघ कसा भाजलाय! वारा पडला होता, सावकाश जलला. मना वाटलं नव्हतं तू यंदा राब लावशील."

विठा राखेपाशी आली.

"बोरं तर उन्हात गेलेली, सकाली बघितलं तर राब तयार रचलेला. शेन, पातेरा, पेंढा, टहाल, वर माती. मी बोल्लो, बाई बोलत नाय पन मनात हाय तिच्या. खाचर नाय तर नाय, परसात रोप टाकू, कुंड्यांत लावू, वेनूच्या बांधावर लावू, काय पन. भावेशला सांगून आलो मी, जागा मिलनार नाय म्हनून. आमी इथं राब भाजलाय म्हनून!"

ती गुडघ्यावर बसली. राख अजून गरम होती. तिने हाताने राख बाजूला सारली, बोटं भाजली, तरी सारली. पहिला गड्डा मिळाला. नखाने खरवडला. आत काळा. दुसरा काळा. तिसरा हातात घेतला तर कोळसा होऊन फुटला. विहिरीच्या कडेपर्यंत ती गुडघ्यांवर सरकत गेली, एकेक गड्डा उकरत. एकही पांढरा निघाला नाही.

"काय करतंस? काय शोधतंस?" आनंदा मागून विचारत होता. मग त्याचा आवाज उतरला. "यात... यात होती काय ती?"

"राजूनं सांगितलं नाय तुला?" तुम्ही जाऊन तू आलं होतं, ते दोघांनाही कळलं.

"राजू दोन दिवस आलाच नाय घरी. डबल पाली हाय त्याला. पन विठे, मना कसं कलनार? पान एक नव्हतं. वरनं राबच होता तो! तूच रचलास, मी नुसती काडी लावली!"

तेव्हा विठाला दिसलं की तो खरं बोलतोय. तिनेच रचला होता. तिच्या हातांना झाकायची दुसरी रीत ठाऊकच नव्हती. आणि तो खरं बोलतोय याचाच तिला संताप आला. तो खोटं बोलला असता, डाव साधून जाळलं असतं, तर तिने त्याला दोन शिव्या घातल्या असत्या आणि मोकळी झाली असती.

"हा. मीच रचला," ती उठली. हात कोपरापर्यंत काळे झाले होते. "जन्मभर मीच रचत आली. डोंगरातनं भारे मी आनले, मान मोडून घेतली मी. आनि तू यायचास, बिडी पेटवायचास, नि त्याच काडीनं लावायचास. एकदा तरी इचारलंस, विठे, पेटवू का? झालं का तुजं? काय राहिलंय का आत? एकदा?"

"राब पेटवायला इचारतात काय कोन?"

"नाय इचारत! खाचर द्यायला इचारत नाय, जागा द्यायला इचारत नाय, जालायला इचारत नाय! मी काय बैल हाय तुजा? बैल इकताना पन तू त्याच्या पाठीवरनं हात फिरवलास!"

पत्र्यापलीकडे साइटवरची माणसं काम थांबवून बघत होती. आनंदा त्यांच्याकडे बघून म्हणाला, "हलू बोल." ते ऐकून ती आणखी मोठ्याने बोलली. शेजारच्या ओटीवर वेणू येऊन उभी राहिली होती. विठाने तिच्याकडेही बोट केलं, "बघ, नीट बघ, तुज्याच पेंढ्यानं जललंय!" वेणू आत गेली. बोलता बोलता विठाचा आवाज बसला. मग ती न्हाणीत गेली आणि हात धुतले. राख नखांतून निघाली नाही.

राजू दुसऱ्या दिवशी आला, त्याला कळलं, तो आईच्या पायाशी बसून रडवेला झाला. "मालकानं सोडलंच नाय गं." तिने त्याला जेवायला वाढलं. त्याला काही म्हणाली नाही. तोही शेवटी कुणाच्या तरी हाताखालचाच होता.

आनंदा मात्र घरात पाय न वाजवता वावरू लागला. त्याला वाईट वाटत होतं हे दिसत होतं. त्याने विहिरीतून स्वतः पाणी शेंदून ठेवलं, विठाची भाजीची पाटी रिक्षापर्यंत नेली. आणि त्याच्या डोक्यात एकच उपाय शिरला होता. राख चाळून त्याने वाफ्यावर सारखी केली, कडेने बांध घातला. राजूला म्हणाला, विठाला ऐकू जाईल असं, "राब असा भाजलाय की बी टाकलं तर हिरवागार गालिचा होईल. जुन्या झिनीचं बी आनतो, आत्याकडं हाय अजून. तुज्या आयेला झिनीचा भात आवडतो. तिच्यासाठीच टाकतो." सकाळी तो बी आणायला गेला, आत्याच्या गावी, टॉवेल खांद्यावर टाकून. जाताना स्वयंपाकघराच्या दारात थांबला. बहुतेक त्याला काही म्हणायचं होतं. विठा कोळशाने तवा घासत राहिली, आणि तो गेला.

तिच्यासाठी. तवा पालथा टाकून विठा बसून राहिली. तिच्यासाठी काय, हेही तोच ठरवून मोकळा. तिच्या झाडांच्या राखेत तो भात पेरणार, भात हिरवा होणार, वाडीतले म्हणणार आनंदाचा राब झकास भाजला, आणि ती लावणीला वाकणार. हे सगळं तिला डोळ्यासमोर दिसलं, अगदी वेणूच्या हसण्यासकट. तिने पदर खोचला आणि चपला न घालता साइटवर गेली.

भावेश मिक्सरपाशी उभा होता. तिला बघून तो दोन पावलं मागे सरला. परवाचं भांडण त्याने पत्र्यावरून पाहिलं होतं.

"सलया कुठं ठेवायच्यात तुज्या?"

"मावशी? काका तर नाही म्हणून गेले. राब का काय केलाय म्हणाले."

"ठेव तिथं."

"काकांना विचारलंय ना? परत मला लफडं नको."

"तुना जागा पायजे का नको?"

भावेशला पाहिजेच होती. दुपारी टेम्पो आला. पत्रा काढला, आणि माणसांनी लोखंडाच्या सळया खांद्यावरून आणून पट्टीत टाकायला सुरुवात केली. पहिली सळई पडली तेव्हा राखेचा लोट उठला आणि विठाच्या तोंडावर आला. तिने डोळे पुसले नाहीत. आनंदाने घातलेला बांध टाचांखाली मोडला. सळयांवर सळया, मग फळ्या, फळ्यांवर सिमेंटच्या गोण्या. फणसाची खालची फांदी आड येत होती, ती त्यांनी विचारून तोडली. विठा "तोडा" म्हणाली.

काम अर्धं झालं होतं तेव्हा आनंदा आला. टॉवेलची गाठोडी काखेत. चेहरा उन्हाने रापलेला, पण खुशीत, मागच्या दाराकडूनच हाक मारत आला, "विठे, मिललं गं, आत्यानं जपून ठेवलं होतं..." आणि थांबला.

मग तो भावेशवर धावला. "कोनी सांगितलं तुला? कोनी सांगितलं?" भावेशने विठाकडे बोट दाखवलं.

आनंदा तिच्याकडे वळला. "तू?"

"हा."

"मना न इचारता?"

"हा," विठा म्हणाली. "न इचारता."

तिला वाटलं होतं तो तांब्या फेकेल, हात उगारेल. तिची तयारी होती, तिला ते हवंच होतं. पण आनंदा विहिरीच्या कट्ट्यावर मटकन बसला. गाठोडी मांडीवर घेतली. टॉवेलची गाठ सुटून थोडं बी त्याच्या पायावर सांडलं, ते त्याने वेचलं नाही. गोण्या उतरवणारी माणसं त्याच्या समोरून जात होती, येत होती.

"मी तर जागेला नाय बोल्लो होतो त्याला," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता, हळू. "तुजी जागा होती ना गं ती."

एवढ्या वर्षांत हे वाक्य त्याने एकदा म्हणावं म्हणून ती काय काय सोसत आली होती. परवा म्हणाला असता. आज सकाळी दारात थांबला तेव्हा म्हणाला असता. विठाला राग आला, आणि या वेळी तो कुणावर काढायचा हे तिला कळेना. टेम्पोतून शेवटच्या सळयांचा जुडगा घेऊन दोघं जण येत होते.

"मावशी, बाजूला व्हा," पुढचा ओरडला. "लागेल."

विठा बाजूला झाली.